मागच्या महिन्याची गोळी: कुत्र्याला हार्टवर्मपासून वाचवताना

हार्टवर्म, म्हणजे डासांमार्फत पसरणारा आणि कुत्र्याच्या हृदयाजवळच्या धमन्यांत राहणारा जंत. त्याची प्रतिबंधक गोळी दिली की पुढचा महिनाभर कुत्रा सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. रेनकोट चढवला की पाऊस लागत नाही, तशी ही गोळी असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती उलट्या दिशेने काम करते. आज दिलेली गोळी मागच्या महिन्याभरात डासांनी कुत्र्याच्या अंगात सोडलेल्या अळ्या मारते. पुढच्या आठवड्यात जो डास चावेल, त्याचा हिशेब पुढच्या महिन्याची गोळी करणार असते.

हे कळल्यावर मला पडलेले बाकीचे प्रश्न एकेक करून सुटत गेले. एखादी गोळी चुकली तर काय बिघडतं, डास कमी झाले तरी ती का द्यायची, तपासणी निगेटिव्ह आली तरी सहा-सात महिन्यांनी डॉक्टर ती पुन्हा का करायला सांगतात, या सगळ्यांचं उत्तर अळीच्या वयात आहे. म्हणून आधी त्या अळीचा प्रवास बघू आणि औषधांकडे नंतर वळू.

हार्टवर्मचं शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस. 1856 साली जोसेफ लायडी या अमेरिकी शास्त्रज्ञाने या जंताला 'इमिटिस' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निर्दय. माणसांत हत्तीरोग करणारे जंत ज्या कुळातले, त्याच कुळातला हा, आणि त्यांच्यासारखाच डासांमार्फत पसरणारा. पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंटिमीटर भरते, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी लांब, पण जाडीला जेमतेम दोऱ्यासारखी. नर त्याहून बराच आखूड असतो. नावात हृदय असलं तरी हे जंत मुख्यतः राहतात ते हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत. तिथे गर्दी झाली की मग ते मागे हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरतात.

धमनीत राहणाऱ्या माद्या अंडी घालत नाहीत, थेट जिवंत पिल्लं सोडतात. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. लांबी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशिवाय ती दिसत नाहीत. ती कुत्र्याच्या रक्तात दोन वर्षांपर्यंत फिरत राहू शकतात, पण कुत्र्याच्या शरीरात कितीही राहिली तरी मोठी मात्र होत नाहीत. त्यासाठी त्यांना डासच लागतो. डासाने रक्त प्यायलं की ती त्याच्या पोटात जातात आणि तिथे दोनदा कात टाकतात. हवा उबदार असेल, समजा 27 अंश सेल्सिअसच्या आसपास, तर हे काम 10 ते 14 दिवसांत उरकतं. थंडीत लांबतं, आणि तापमान 14 अंशांच्या खाली गेलं की थांबतं. तयार झालेली अळी डासाच्या सोंडेपाशी येऊन थांबते. डास पुढच्या कुत्र्याला चावला की ती कातडीवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरते.

यातून एक गोष्ट अशी निघते, की हार्टवर्म असलेल्या कुत्र्याच्या शेजारी झोपल्याने, त्याचं भांडं चाटल्याने किंवा त्याच्याशी खेळल्याने दुसऱ्या कुत्र्याला हा रोग होत नाही. आजारी कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला दिलं किंवा गाभण कुत्रीला लागण असली, तर मायक्रोफायलेरिया पुढच्या शरीरात जाऊ शकतात, पण तिथे त्यांचे मोठे जंत होत नाहीत. अशा कुत्र्याला वाळीत टाकण्याचं काही कारण नाही. त्याला उपचार हवे असतात आणि डासांपासून आडोसा हवा असतो, कारण त्याला चावलेला डासच रोग पुढे नेतो.

आता वयाचा हिशेब. समजा, 1 जूनला डास चावला आणि अळी आत गेली. 4 ते 13 जूनच्या दरम्यान ती कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत जाते. त्यानंतर ती कातडीखाली आणि स्नायूंमध्ये हळूहळू सरकत राहते. 21 जुलै ते 10 ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे चाव्यानंतर 50 ते 70 दिवसांनी, ती शेवटची कात टाकते आणि तिचा कोवळा जंत होतो. तो रक्तवाहिनीत शिरतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असे जंत फुफ्फुसाच्या धमन्यांत पोहोचतात. तिथे ते वाढतात, नर-माद्या एकत्र येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत कुत्र्याच्या रक्तात नवी पिल्लं दिसू लागतात. मोठे झालेले जंत तिथे 5 ते 7 वर्षं जगतात. कुत्र्याच्या आयुष्याचा अर्धा भाग त्यांच्यासोबत जाऊ शकतो.

महिन्याच्या गोळीची ताकद या वेळापत्रकातल्या पहिल्या दोन टप्प्यांपुरती आहे. नुकत्याच आत आलेल्या आणि एकदा कात टाकलेल्या अळ्यांवर ती हमखास चालते. शेवटची कात टाकून कोवळा जंत तयार झाला, की तिचा भरवसा उरत नाही. म्हणूनच औषध दर महिन्याला असतं. तोंडावाटे दिलेलं औषध महिनाभर अंगात टिकून राहत नाही. एका महिन्यात आलेल्या सगळ्या अळ्या अजून कोवळ्याच असतात, त्यामुळे एका फेरीत त्या एकत्र निकालात निघतात.

दर महिन्याच्या 15 तारखेला गोळी देणाऱ्या घराचं उदाहरण घेऊ. 1 जूनला आत आलेली अळी 15 जूनच्या गोळीने मरते. ती गोळी विसरली, तरी 15 जुलैला त्या अळीचं वय 44 दिवस असतं, म्हणजे अजून ती हाताशी आहे. पण 15 मेची गोळी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी, 16 मेला जो डास चावला, त्याच्या अळीचं काय? तिला मारणारी पहिली गोळी 15 जूनची होती. ती चुकली तर 15 जुलैला तिचं वय 60 दिवस होतं, आणि तोवर तिने शेवटची कात टाकलेलीही असू शकते. म्हणजे चुकलेली गोळी एकच, पण एक अळी सापडते आणि दुसरी निसटते. कोणत्या दिवशी कोणता डास चावला हे आपल्याला कधीच कळणार नसतं, म्हणून 'एखाद्या महिन्याने काय होतंय' या प्रश्नाला खात्रीचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

गोळी चुकलीच, तर आठवल्या क्षणी द्या आणि तिथून पुढे पुन्हा महिन्याच्या महिन्याला चालू ठेवा. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका. डॉक्टरांना किती दिवसांचा खंड पडला ते नेमकं सांगा आणि सहा-सात महिन्यांनी तपासणी करून घ्या. खंड मोठा असेल तर ते एक तपासणी लगेचही सांगतील. डास नाहीसे झाले म्हणून ज्या महिन्यात गोळी बंद करावीशी वाटते, त्या महिन्यातली गोळी तर द्यायलाच हवी, कारण ती मागच्या, डासांनी भरलेल्या महिन्यासाठी असते. माझं स्पष्ट मत असं, की बारा महिने गोळी चालू ठेवणं हेच सोपं आणि सुरक्षित. डासांचा हंगाम नेमका कधी सुरू झाला आणि कधी संपला हे ठरवण्याच्या नादात बहुतेक चुका होतात.

ही औषधं सगळी एकाच घराण्यातली आहेत. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन आणि सेलामेक्टिन ही त्यांची नावं. काही चघळायच्या गोळ्या असतात, काही मानेमागे कातडीवर सोडायचे थेंब. मॉक्सिडेक्टिनचं एक इंजेक्शनही असतं, जे शरीरात सावकाश विरघळत सहा किंवा बारा महिने काम करतं. ज्या घरात तारखा हटकून विसरल्या जातात तिथे ते फार सोयीचं, मात्र ते डॉक्टरांकडूनच घ्यावं लागतं. यातलं आयव्हरमेक्टिन हे औषध जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून निघालं. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना या कामासाठी 2015 सालचं नोबेल मिळालं. त्याच्या आधी हार्टवर्म टाळायचा तर डायइथिलकार्बामाझिन हे हत्तीरोगातही वापरलं जाणारं औषध रोजच्या रोज द्यावं लागे, आणि रक्तात मायक्रोफायलेरिया असलेल्या कुत्र्याला ते दिलं गेलं तर त्याचा जीव धोक्यात येई. ते दिवस आठवले की महिन्यातून एकदाच्या गोळीचं मोल कळतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अगदी मनापासून काळजी घेणाऱ्या घरांतही असतो. 'आम्ही तीन महिन्यांनी जंताची गोळी देतो की,' असं लोक सांगतात. ती गोळी वेगळी. पायरँटेल, प्राझिक्वांटेल, फेबँटेल असली औषधं आतड्यातल्या जंतांसाठी असतात. हार्टवर्म आतड्यात कधी जातच नाही, म्हणून त्या गोळ्यांनी त्याचं काही बिघडत नाही. त्याच कारणाने शी तपासूनही तो सापडत नाही. गोचिडांच्या गोळ्यांचंही तसंच. त्यांतल्या काहींमध्ये हार्टवर्मचं औषध मिसळलेलं असतं, बऱ्याच जणींमध्ये नसतं. पाकीट हातात घेऊन घटकांची नावं वाचा. वर दिलेल्या चार नावांपैकी एकही नसेल, तर तुमच्या कुत्र्याला हार्टवर्मपासून संरक्षण नाही.

दुसरी भीती जास्त गंभीर आहे. गाई-म्हशींसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला 'थोडंसं' देण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. आकडेच बघा. हार्टवर्म टाळण्यासाठी कुत्र्याला किलोमागे 6 मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन पुरतं. 10 किलोच्या कुत्र्याला 60 मायक्रोग्रॅम. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरमध्ये 10,000 मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे या कुत्र्याला लागणारा डोस झाला 0.006 मिलिलिटर, जो घरातल्या कोणत्याही सिरिंजने मोजता येत नाही. अर्धा मिलिलिटर दिलं तर ते गरजेच्या ऐंशी पटींहून जास्त होतं. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा काही जातींत एका जनुकातला दोष बराच आढळतो. त्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. गोळीच्या बारीक डोसने त्यांनाही काही होत नाही, पण गुरांच्या डोसने झटके येतात, कुत्रा बेशुद्ध पडतो, मरतोसुद्धा. मिश्र जातीच्या कुत्र्यातही हा दोष असू शकतो आणि तो दिसून कळत नाही.

पिल्लाला आठ आठवड्यांपर्यंत पहिला डोस मिळायला हवा. सात महिन्यांपेक्षा लहान पिल्लाला आधी तपासणीची गरज नसते. त्याला लागण झालीच असेल, तरी तपासणीत दिसण्याएवढी ती जुनी असणार नाही. मात्र पिल्लू भराभर वाढतं आणि गोळी वजनाप्रमाणे असते, म्हणून दर महिन्याला गोळीआधी त्याचं वजन करा. मागच्या महिन्याचं पाकीट या महिन्याच्या कुत्र्याला कमी पडू शकतं. मोठ्या कुत्र्याला गोळी दिल्यावर दोन मिनिटं त्याच्याजवळ थांबा. गालात धरून कोपऱ्यात थुंकणारे हुशार कुत्रे पुष्कळ असतात, आणि काही तासांत उलटी झाली तर गोळीही त्यात गेलेली असू शकते. तसं झालं तर डॉक्टरांना फोन करून पुन्हा द्यायची का ते विचारा. थेंबांचं औषध असेल तर केस बाजूला करून ते कातडीवर पडायला हवं, आणि आंघोळ किती वेळ टाळायची ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

सात महिन्यांपुढच्या कुत्र्याला मात्र औषध सुरू करण्याआधी रक्ततपासणी हवीच. रस्त्यावरून घरी आणलेल्या, पूर्वीचा इतिहास माहीत नसलेल्या कुत्र्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. तपासणी साधी असते. रक्ताचे थोडे थेंब घेऊन एका किटवर टाकतात आणि काही मिनिटांत निकाल कळतो. याला अँटिजेन टेस्ट म्हणतात. पूर्ण वाढलेल्या माद्यांच्या शरीरातून सुटणारं एक प्रथिन ती शोधते. तिच्या मर्यादाही याच वाक्यातून कळतात. माद्या अजून वाढायच्या असतील, सगळे जंत नर असतील किंवा एखादीच मादी असेल, तर टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. लागणीनंतर साधारण सहा-सात महिने उलटल्याशिवाय तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आज निगेटिव्ह आलेल्या कुत्र्याची गोळी सुरू करतात आणि सहा-सात महिन्यांनी पुन्हा टेस्ट करतात. त्या दुसऱ्या टेस्टमध्ये आधीच्या काळातले लपलेले जंत उघड होतात. त्यानंतर दरवर्षी एकदा.

याच्या जोडीला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून मायक्रोफायलेरिया शोधतात. दोन्ही तपासण्या एकत्र केलेल्या बऱ्या. रक्तात दिसलेली पिल्लं हार्टवर्मचीच असतील असं नाही. त्याचा एक चुलतभाऊ, डायरोफायलेरिया रिपेन्स, कातडीखाली राहतो आणि त्याचीही पिल्लं रक्तात फिरतात. उपचार अगदी वेगळे असल्यामुळे हा फरक डॉक्टरांना नेमका ठरवावा लागतो.

'गोळीने अळ्या मरतातच, मग तपासणी न करता सुरू केली तर काय बिघडतं?' हा प्रश्न रास्त आहे. बिघडतं असं, की आत मोठे जंत आधीच असतील तर गोळीने ते लगेच मरत नाहीत. ते धमनी खराब करत राहतात, आणि आपण मात्र गोळी चालू आहे म्हणून निर्धास्त असतो. शिवाय रक्तात पिल्लं खूप असतील आणि एका डोसने ती एकाच वेळी मेली, तर काही कुत्र्यांना तीव्र प्रतिक्रिया येते.

त्या धमन्यांत नेमकं काय होतं, हे थोडं सविस्तर सांगते. जिवंत जंतांमुळे धमनीच्या आतल्या अस्तराला सतत इजा होते. गुळगुळीत असलेलं अस्तर खडबडीत होतं, भिंत जाड आणि ताठर होते, आतली वाट अरुंद होते. तेवढंच रक्त त्या अरुंद वाटेतून ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. काही काळ ती लावते. मग थकते. कुत्र्यामागे सरासरी 15 जंत सापडतात, पण हा आकडा एकापासून 250 पर्यंत जाऊ शकतो. आणि नुसत्या संख्येवरून आजार किती गंभीर हे ठरत नाही. थोडे जंत असलेला पण दिवसभर धावणारा कुत्रा, भरपूर जंत असलेल्या पण लोळत राहणाऱ्या कुत्र्यापेक्षा जास्त आजारी पडू शकतो, कारण धावताना त्याच खराब धमन्यांतून रक्त जोराने जातं.

बाहेरून हे दिसायला फार उशीर लागतो. पहिले कित्येक महिने काहीच नाही. मग कोरडा, न जाणारा खोकला. फिरायला गेल्यावर अर्ध्या वाटेत बसणं, जिन्याला नकार, वजन उतरणं. पुढे श्वास घ्यायला त्रास, पोटात पाणी. 'वय झालं त्याचं' असं म्हणून ही लक्षणं सोडून दिली जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच दिवसांत उपचार सोपे असतात. हिरड्या एकदम पांढऱ्या पडल्या, लघवी गडद तपकिरी झाली आणि कुत्रा कोसळला, तर एक तासही थांबू नका. जंतांचा गुंता हृदयात उतरून त्याने झडप अडवलेली असू शकते. त्या वेळी मानेतल्या शिरेतून उपकरण घालून जंत ओढून काढण्याशिवाय फारसा उपाय नसतो.

डासांबद्दल थोडक्यात. घरात राहणारा कुत्रा सुरक्षित, हे खरं नाही. घरात डास येतो. खिडक्यांना जाळ्या, संध्याकाळी आणि पहाटे कुत्रा आत, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, बादल्या आणि कुत्र्याचं बाहेर ठेवलेलं पाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामं करून घासणं, हे सगळं करायला हवं. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. माणसांची डास पळवणारी क्रीमं कुत्र्याला लावू नका, तो ती चाटतो. परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे थेंब डासांवर चांगले चालतात, पण घरात मांजर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका, मांजराला ते विषासारखे आहेत. आणि हे सारं करूनही गोळीला पर्याय नाही. एखादा डास चुकतोच.

मांजरालाही हार्टवर्म होतो. त्याच्यात जंत मोजकेच असतात, पण त्याची फुफ्फुसं कोवळ्या जंतांनीसुद्धा बिघडतात, टेस्ट अनेकदा चुकते, आणि मोठे जंत मारणारं कुत्र्यांचं औषध त्याला देता येत नाही. त्याच्यासाठी गोळी किंवा थेंब हाच खरा उपाय. माणसाच्या शरीरात चुकून गेलेली अळी सहसा पूर्ण वाढण्याआधीच मरते. क्वचित फुफ्फुसात एक छोटी गाठ राहते, जी एक्स-रेमध्ये दिसते आणि वेगळ्याच आजाराची शंका आणते. कुत्र्यापासून थेट आपल्याला काही होत नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर? पहिली गोष्ट, बहुतेक कुत्रे बरे होतात. दुसरी, त्याच दिवसापासून धावणं बंद. उपचार सुरू होण्याची वाट बघायची नाही. पुढचा क्रम साधारण असा असतो. आधी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन. हे प्रतिजैविक जंताच्या पोटातल्या वोलबाकिया नावाच्या जिवाणूंना मारतं. त्यांच्यावाचून जंत दुबळे होतात, आणि मेल्यावर सूजही कमी करतात. याबरोबर महिन्याचं प्रतिबंधक औषध सुरू होतं. मग थांबायचं. उपचार सुरू केल्यापासून 60व्या दिवशी मेलार्सोमिनचं पहिलं इंजेक्शन, 90व्या दिवशी दुसरं, 91व्या दिवशी तिसरं. हे आर्सेनिकपासून बनवलेलं औषध आहे, कमरेच्या स्नायूत खोल देतात आणि ते दुखतं.

दोन महिने थांबण्यामागे पुन्हा तोच वयाचा हिशेब आहे. निदानाच्या दिवशी कुत्र्याच्या अंगात सगळ्या वयांचे जंत असू शकतात. कोवळ्या अळ्या गोळीने मरतात, पूर्ण वाढलेले जंत इंजेक्शनने. मधल्या वयाचे जंत, गोळीच्या हातून निसटलेले पण इंजेक्शनला पुरेसे मोठे न झालेले, कशानेच नीट मरत नाहीत. गोळी चालू ठेवून दोन महिने थांबलं, की नवीन अळ्यांची भर बंद होते आणि मधले जंत वाढून इंजेक्शनच्या टप्प्यात येतात. इंजेक्शनही आधी एक आणि महिन्याने दोन असं देतात, म्हणजे सगळे जंत एकदम मरत नाहीत.

कारण उपचारातला खरा धोका मेलेल्या जंतांचा असतो. ते विरघळून जात नाहीत. त्यांचे तुकडे होतात, रक्ताबरोबर फुफ्फुसात पुढे सरकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. शरीर त्यांना हळूहळू पचवतं, पण त्यासाठी आठवडे जातात. इंजेक्शननंतरचे सात ते दहा दिवस सर्वांत नाजूक असतात, आणि शेवटच्या इंजेक्शनपासून पुढे सहा ते आठ आठवडे कडक विश्रांती लागते. म्हणजे पट्ट्याला बांधूनच लघवी-शीला नेणं, जिना नाही, चेंडू नाही, दारावरच्या बेलला धावणं नाही. कुत्रा टुणटुणीत दिसतो, त्याला खेळायचं असतं, आणि घरातल्यांना दया येते. नेमकी तिथे चूक होते. एका धावेत हृदयाची गती वाढते, तुकडे पुढे ढकलले जातात आणि श्वास कोंडतो. पिंजरा किंवा छोटी खोली, चाटत बसायची खेळणी, वासावरून शोधायचे बसल्या जागचे खेळ, आणि गरज वाटली तर डॉक्टरांनी दिलेलं शांत ठेवणारं औषध, यांच्यावर हे आठवडे निभावतात. खोकला वाढला, ताप आला, खोकल्यातून रक्त आलं किंवा खाणं सुटलं, तर लगेच दवाखाना.

मेलार्सोमिन सगळीकडे मिळत नाही. तिथे डॉक्टर मॉक्सिडेक्टिनचे थेंब आणि डॉक्सिसायक्लिन यांच्या आधाराने जंत सावकाश मारतात. त्याला बरेच महिने लागतात, तेवढे महिने धमन्यांना इजा होत राहते आणि धावण्यावरची बंदीही तेवढीच लांबते. फक्त महिन्याची आयव्हरमेक्टिनची गोळी देत राहून मोठे जंत मरण्याची वाट बघणं मात्र जिथे दुसरा उपाय आहे तिथे करू नये. त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो, आणि औषधाला दाद न देणाऱ्या जंतांची पैदास होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात असे जंत सापडलेले आहेत.

तिसऱ्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी अँटिजेन टेस्ट करतात. ती निगेटिव्ह आली म्हणजे मोठे जंत गेले. एकदा हा आजार होऊन गेला म्हणून शरीरात त्याच्याविरुद्ध कायमची ताकद येत नाही, पुढच्या डासाकडून तोच कुत्रा पुन्हा आजारी पडू शकतो. म्हणून उपचार चालू असताना, टेस्टची वाट बघताना आणि ती निगेटिव्ह आल्यावरही, ठरलेल्या तारखेला त्याची महिन्याची गोळी चालूच असते.